वलंदेजी भाषेत माझं नाव

आमच्या भागात नवी बाई दिसली की तिला कोणी नाव विचारत नसे. "कोनाची होय वो?" असं विचारत. अमक्याची लेक, तमक्याची सून, फलाण्याची बायको, एवढं कळलं की विचारणाऱ्याचं काम भागायचं. बाईलाही यात काही वावगं वाटत नसे. मलाही कितीतरी वर्षं वाटलं नाही.

मी सौंदडजवळच्या एका खेड्यातली. आमचं कूळ तळी बांधणाऱ्यांचं. गावामागची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं, आमच्याच वाडवडलांनी बांधलेली. माझा बाप तिच्या पाळीवर उभा राहून मला हाक मारायचा. पाण्यावरून ती हाक थेट पलीकडच्या धानाच्या बांध्यांपर्यंत जायची आणि तिथं काम करणाऱ्या बाया हसून म्हणायच्या, "जाय वो, तुहा बाप गाव गोळा करून राहिला." बापानं मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं. मग लग्न झालं.

सासरी गेल्यावर कळलं की माझं आणि सासूचं नाव एकच आहे. सासरा काही सासूला नावानं हाक मारत नव्हता. तरी एका घरात एका नावाच्या दोन बाया चालायच्या नाहीत, असं ठरलं. सासूचं नाव बदलावं असं कोणी सुचवलं नाही. माझं बदललं. नवं नाव कोणी विचारून ठेवलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला हाक मारली तरी मी ओ देत नसे. सासू म्हणायची, "बहिरी होय का थे?"

मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. तेव्हा कायदा आड येत नव्हता आणि समाज तर मुळीच नाही. माझं अंथरूण गोठ्याशेजारच्या पडवीत आलं. एका सकाळी मी माझं लुगडं गुंडाळलं आणि माहेरी निघून आले. बाप तोवर गेला होता. भावानं दार उघडलं, पण हाक मारली नाही. त्या दिवसापासून गावात माझी एकच ओळख राहिली. विहिरीवर गेले की बाया म्हणायच्या, "टाकलेली आली, सरका." बाईला टाकतात ती भाकरीच्या करपलेल्या तुकड्यासारखी, आणि मग सगळे त्या तुकड्याकडेच बोट दाखवतात.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. गोंदियाला मुर्रीच्या वाटेवर गोऱ्या लोकांच्या मिशनचा एक लहानसा जनाना दवाखाना होता. तिथं बाळंतपणाच्या कामाला बाया ठेवतात आणि हळूहळू शिकवतात, असं मला सौंदड स्टेशनावर शेंगा विकणाऱ्या म्हातारीनं सांगितलं. मी घरी ते बोलले. भाऊ म्हणाला, "तिथं गेली त माह्यासाठी मेली."

"आता तरी मी कुठं जिती आहो तुह्यासाठी?" मी म्हणाले.

आई चुलीपुढे बसली होती. ती चुलीतलं लाकूड सारत राहिली. पण दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा माझ्या गाठोड्यात तिनं लाखोरीची डाळ बांधून ठेवलेली होती. मी छोट्या लाईनच्या गाडीत बसले आणि गोंदियाला उतरले. स्टेशनाबाहेर सगळे हिंदीच बोलत होते. ते मला आवडलं. त्या बोलीत मला कोणी ‘टाकलेली’ म्हणून ओळखत नव्हतं.

दवाखान्याच्या मुख्य मेमसाहेब इंग्रज होत्या. उंच, कोरड्या, कामाला पक्क्या. त्यांनी माझं नाव विचारलं. मी माहेरचं सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "बहुत मुश्किल. आज से तुम्हारा नाम ये है." आणि एक इंग्रजी नाव दिलं. मला वाटलं, असेल रीत. नंतर कळलं की माझ्या आधी हे काम करणाऱ्या बाईचंही तेच नाव होतं, आणि तिच्या आधीच्या बाईचंही. पट्ट्या उकळायच्या बादलीसारखं ते नाव कामाबरोबर मिळायचं.

असं माझं तिसरं नाव सुरू झालं.

दुसऱ्या वर्षी एक नवी नर्सबाई आली. जावा बेटावरून. तिकडे जपानी शिरले तेव्हा शेवटच्या आगबोटींपैकी एकीवर ती चढली, आधी सिलोनला उतरली आणि फिरत फिरत आमच्या इथे पोचली. तिची बहीण तिकडेच राहिली होती, जपान्यांच्या छावणीत. ती हॉलंडची. चौथीच्या पुस्तकात या लोकांना वलंदेज म्हटलेलं होतं, एवढंच मला ठाऊक. इंग्रजी तिला मोडकंतोडकं यायचं, हिंदी अजिबात नाही. मेमसाहेब तिच्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलत, जसं बहिऱ्याशी बोलतात.

एका दुपारी मी मागच्या ओट्यावर पट्ट्या वाळत घालत होते. ती आली आणि सरळ माझ्यासमोर उकिडवी बसली. गोऱ्या बाईला उकिडवं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मैन नाम इस..." आणि पुढे स्वतःचं नाव.

माझे हात थांबले. "नाम?" मी म्हणाले.

"नाम!" ती जोरजोरानं होकाराची मान हलवत म्हणाली. "या, या. नाम!"

सात समुद्रांपलीकडच्या बाईच्या तोंडी आपला शब्द! मी हसले तशी तीही हसली. मग तिनं माझ्याकडे बोट करून विचारलं, "हू हेट ये?"

मी बादलीबरोबर मिळालेलं नाव सांगितलं. तिनं ऐकलं. माझ्या हातावरच्या गोंदणाकडे पाहिलं, मग मेमसाहेबांच्या खोलीकडे मान वळवून भुवया उंचावल्या. म्हणजे, हे तिनं दिलं का? मी होकाराची मान हलवली. तेव्हा तिनं पुन्हा स्वतःचं नाव सांगितलं आणि मग मेमसाहेब तिला ज्या नावानं हाक मारत ते म्हणून दाखवलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. तिच्या खऱ्या नावात घशातून खरवडून काढायचा एक आवाज होता. मेमसाहेबांना तो जमत नव्हता, म्हणून त्यांनी तिचंही नाव छाटून टाकलं होतं.

मग मी माझं नाव सांगितलं. बापानं हाक मारायचं ते. इतक्या काळानंतर ते माझ्या तोंडून निघालं की मला ते जरा जड गेलं. तिनं ते म्हणून पाहिलं, चुकलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा तिनं ते बरोबर म्हटलं. मीही तिचं नाव खरवडून खरवडून म्हटलं, तेव्हा वाळत घातलेल्या पट्ट्यांमागून झाडूवाली ओरडली, "क्या हुआ, गले में काँटा फँसा क्या?"

अशी आमची शाळा सुरू झाली. काम संपवून आम्ही ओट्यावर बसत असू. मी तिला हिंदी आणि आमची बोली शिकवायची, ती मला तिची भाषा. नावं सांगणं आणि विचारणं यापलीकडे आमची फारशी मजल गेली नाही, पण तेवढ्यातच पुष्कळ होतं. ‘इक हेट’ म्हणजे मला म्हणतात. ‘हू हेट ये’ म्हणजे तुला काय म्हणतात. ‘झै हेट’ म्हणजे हिला म्हणतात. एकदा तिनं झाडूवालीकडे बोट दाखवून विचारलं, "वी इस दात?" मी म्हणाले, दात दुखते का हिचा? मग उलगडलं की ‘ती कोण’ असं विचारत होती. आम्ही इतक्या हसलो की झाडूवालीनं खरोखरच तोंडावर हात धरला.

एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. त्यांच्यात आधी स्वतःचं नाव सांगतात आणि मग दुसऱ्याला विचारतात. "इक हेट अमकी. एन ये?" मी अमकी, आणि तू? विचारणारा आधी स्वतः उघडा होतो. आमच्याकडे विचारणारा आपलं गुपित राखून दुसऱ्याचं कूळ उकरतो. म्हणूनच या लिखाणात मी कोणाचंच नाव घातलेलं नाही, माझंही नाही. ज्याला ते हवं असेल त्यानं समोर यावं, आधी आपलं सांगावं आणि मग विचारावं. मी सांगेन. मागच्या दारानं कोणाला ते मिळायचं नाही.

वॉर्डात मी हीच रीत चालू केली. नवी बाळंतीण आली की तिच्या खाटेशी जाऊन म्हणायची, "माह्यं नाव हे. तुह्यं?" बऱ्याच जणी आधी गडबडून नवऱ्याच्या गावाचं नाव सांगत. एक गोंड बाई मात्र ताडकन म्हणाली, "मी त तुह्यं नाव पुसनारच होती. पोट दाबाच्या आधी मानसानं नाव त सांगावं." तिचं खरंच होतं.

एके दिवशी एक म्हातारा पाद्री आमच्या दवाखान्यात आला. तोही हॉलंडचाच. गोंदियाला गाडी बदलायची होती, मधला वेळ काढून तो आपल्या देशाच्या माणसाला भेटायला आला. नर्सबाई त्याच्याशी बोलत होती आणि मी चहा नेऊन ठेवत होते. मी कान टवकारले. त्याच्याशी बोलताना ती ‘ये’ म्हणत नव्हती. वेगळाच आवाज काढत होती, ओठ ऊ म्हणायला गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं, असा काहीतरी.

पाद्री गेल्यावर मी विचारलं, "त्याले ‘ऊ’, मले ‘ये’. काऊन?"

तिनं हातानं समजावलं. हात वर धरून, ऊ. मोठी माणसं, अनोळखी माणसं. हात खाली धरून, ये. लेकरं. मग हात छातीशी धरून, ये. जवळची माणसं.

"मंग मी कोन?" मी हात खाली धरून दाखवला, मग छातीशी धरून दाखवला. "लेकरू का जवळची?"

ती लाल झाली. गोऱ्या माणसाची लाज लपत नाही. मी थांबले नाही. माझ्या मोडक्या हिंदीत आणि तिच्या मोडक्या भाषेत मी सांगितलं की पहिल्या दिवशी मी अनोळखी होते. पाद्रीही आज अनोळखी होता. त्याला वरचा शब्द आणि मला खालचा, हे माझ्या हातातल्या बादलीमुळे झालं. आता एकच करा. मलाही ऊ म्हणा, नाहीतर मी तुम्हाला ये म्हणते.

मला वाटलं, गेली नोकरी. मग तिनं माझ्याकडे दोन्ही हात पसरले. म्हणजे, तूच निवड.

मी ‘ये’ निवडलं. आमच्या बोलीत ‘तू’ खालचा नसतो. आईला तू, देवाला तू, गावच्या मालक मालगुजारालाही भांडणात तूच. पण तो दोन्ही बाजूंनी असला पाहिजे. त्या दिवसापासून मी त्या बाईला ये म्हणू लागले, म्हणूनच या लिखाणातही मी तिला ‘ती’च म्हणते. मेमसाहेबांना डच येत नव्हतं, पण माझ्या सुरावरून त्यांना काहीतरी कळलं असावं. "तमीज से बात करो," त्या म्हणाल्या. ती पुढे होऊन म्हणाली, "ठीक हाये." हे दोन शब्द मीच शिकवलेले होते.

मग ती धानाच्या रोवणीच्या दिवसांतली सकाळ आली.

मी औषधांच्या खोलीत कात्र्या उकळत होते. व्हरांड्यातून आवाज आला आणि मी दाराआड सरकले. नवऱ्याचा आवाज होता. सोबत सासू. कोणीतरी त्यांना माझा ठावठिकाणा सांगितला होता.

"माह्या घरची इथं कामाले हाये म्हन्ते," नवरा मेमसाहेबांना सांगत होता. "नेवाले आलो."

"नाम बोलो," मेमसाहेब म्हणाल्या.

नवरा गप्प. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, तोही त्याच रीतीत वाढलेला. तो आईकडे बघू लागला. सासूनं घसा साफ केला आणि त्यांनी मला दिलेलं सासरचं नाव सांगितलं.

मेमसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "इस नाम की कोई औरत यहाँ नहीं है."

"हाये बाईसाहेब. सावळी, उंच."

"नहीं है. जाओ, मरीज लोग सो रहे हैं."

मी दाराआड उभी होते. डच नर्स माझ्या शेजारी होती. तिला शब्द कळले नव्हते, पण माझ्याकडे बघून ती सगळं समजली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिचं बरोबर होतं. मी गप्प राहिले असते तर ते गेले असते. मेमसाहेब खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या दवाखान्यात त्या नावाची बाई नव्हतीच. पायऱ्या उतरतानाची सासूची चप्पल मला ऐकू येत होती.

आणि मला संताप आला. नवऱ्यावर कमी, त्या आडोशावर जास्त. दुसऱ्यांनी दिलेल्या एका नावानं मला शोधायचं, दुसऱ्यांनी दिलेल्या दुसऱ्या नावानं मी वाचायचं, आणि या सगळ्यात मी कुठे? आज लपले तर जन्मभर प्रत्येक आवाजाला दाराआड जाईन. मी कात्र्यांचा चिमटा हातात तसाच घेऊन बाहेर गेले.

"थांबा. मी आहो इथं."

दोघंही वळले. मेमसाहेबांनी चष्म्यातून पाहिलं. "तुम?"

"माह्यं नाव," मी म्हणाले आणि बापानं हाक मारायचं ते नाव तसंच, पाण्यावरून जावं इतक्या मोठ्यानं घेतलं. "तुम्ही पुसून राहिले थे नाव तुमच्या घरचं होय. थे तुमच्याच घरी ठेवा. आन मी येऊन नाही राहिली."

"काऊन?" सासू पुढे आली. "दुसरी पोटुशी हाये, तिच्यानं वाकवत नाही. रोवना कोन करन?"

"ज्याले भात खाचा हाये थो करन."

नवऱ्यानं माझं मनगट धरलं. "म्या तुले सोडलं नाही."

"सोडलं असतं त उपकार झाले असते. तू टाकलं. टाकलेलं उचलून खाते का मानूस?"

माझ्या हातातल्या चिमट्याची वाफ अजून गेली नव्हती. मी तो वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही. वॉर्डातल्या बाया उठून दारात आल्या होत्या, कोणाच्या कडेवर मूल, कोणाचं पोट पुढे. ती गोंड बाई सगळ्यांत पुढे. ती नुसती येऊन माझ्या नवऱ्याच्या अगदी जवळ उभी राहिली. तिची उंची त्याच्याहून जास्त होती.

मेमसाहेब म्हणाल्या, "देखो, मियाँ-बीवी के बीच हम नहीं पड़ते. तुमको जाना चाहिए." आणि त्यांनी मला ते बादलीचं इंग्रजी नाव घेऊन हाक मारली.

तेव्हा डच नर्स मध्ये आली. तिला भांडायला भाषाच नव्हती. मेमसाहेबांसमोर उभी राहून, माझ्याकडे हात करून ती एवढंच म्हणाली, "झै हेट..." आणि माझं नाव. मेमसाहेब इंग्रजीत काहीतरी बोलू लागल्या. तिनं पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

मलाही मग हिंदीत सापडलं. "मेमसाहेब, आप बोलो तो मैं नौकरी छोड़ दूँगी. लेकिन इसके साथ नहीं जाऊँगी. और मेरा नाम वो नहीं है."

मेमसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, दारातल्या बायांकडे पाहिलं. आतून कोणीतरी कळांनी ओरडलं. त्या कामाच्या बाई होत्या. "कैंची उबल गयी?" त्यांनी विचारलं.

"जी."

"तो लेके आओ."

नवऱ्यानं मनगट सोडलं. सासू पायऱ्यांवर उभी राहून बराच वेळ माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मजा अशी की शिव्या देतानाही ती माझं खरं नाव घेऊ शकत नव्हती, कारण ते तिचंही होतं. ते दोघं फाटकाबाहेर गेले तेव्हा मी आत एका मुलीच्या जन्माला हात लावत होते.

मेमसाहेबांनी त्यानंतर इंग्रजी नाव सोडलं. माझं नाव मात्र त्यांना शेवटपर्यंत नीट आलं नाही. त्या ते दर वेळी मोडत आणि मी दर वेळी दुरुस्त करत असे. एकदा वैतागून म्हणाल्या, "तुम कभी थकती नहीं?" मी म्हणाले, "आप सीख जाओ, मैं थक जाऊँगी."

गावात ही बातमी माझ्या आधी पोचली. भावानं माझ्या नावानं आंघोळ केली. मी मेले असं समजून, रीतसर, बोडीवर जाऊन. मला सौंदडहून आलेल्या एका बाळंतिणीनं सांगितलं, भीत भीत. मी म्हणाले, बरं झालं. निदान आंघोळीपुरतं तरी त्याला माझं नाव आठवलं. पण त्या रात्री मी जेवले नाही. तीच बोडी, जिच्या पाळीवरून बापानं मला हाका मारल्या. पाण्याला काय, ते सगळ्यांचं ऐकून घेतं.

धान कापून झाल्यावर एका सकाळी आई दवाखान्याच्या फाटकात उभी दिसली. एकटी. आयुष्यात पहिल्यांदा एकटी गाडीत बसून आली होती. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं.

"तू कशी आली?" मी म्हणाले. "भावानं त आंघोळ केली."

"त्यानं केली असंन," आई म्हणाली. "म्या नाही केली."

मी तिला ओट्यावर बसवलं. डच नर्स आली. उकिडवी बसली, हात जोडले, आधी स्वतःचं नाव सांगितलं आणि मग आईला विचारलं, "हू हेट ऊ?" वरचा शब्द. मी तिच्याकडे पाहिलं, तिनंही माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हन्ते वो थे?" आईनं विचारलं.

"नाव पुसून राहिली तुह्यं."

"माह्यं? माह्यं नाव कायले पाह्यजे तिले?"

"तुले हाक माराले."

आईनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, नाही सांगणार. मग ती पदराआडून अगदी हळू बोलली. डच नर्सनं ते नाव स्वच्छ, खणखणीत म्हटलं. आई दचकली. तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला आणि म्हणाली, "कोन्या परक्याच बाईचं वाटते. पुन्हा म्हनाले लाव तिले."

तिला पुन्हा म्हणायला लावलं. गाडीची वेळ होईपर्यंत आई तिथेच बसून होती. येणाऱ्या-जाणाऱ्या बाळंतिणींना ती आपलं नाव सांगत होती, कोणी विचारलेलं नसतानाही.

लढाई संपली. पुढे तिच्या बहिणीचा निरोप आला, ती जिवंत आहे. डच नर्सचं जावाला परत जायचं ठरलं. त्याच सुमारास दवाखान्याचा कंपाउंडर वर्तमानपत्र वाचून सांगायचा की जावातले लोक आता वलंदेजांना म्हणताहेत, तुम्ही पुन्हा येऊ नका, हा देश आमचा. इकडे आमच्याही गावांत तेच बोललं जात होतं. गोंदियाच्या बाजारात तिरंगा घेऊन पोरं फिरत होती. मी एका दुपारी तिला विचारलं, "तिथं तुझ्या घरी कामाला बाया होत्या?"

होत्या, ती म्हणाली.

"हू हेट झै?" त्यांना काय म्हणत? ते कसं विचारायचं हे मला बरोबर माहीत नव्हतं, पण तिला कळलं.

"बाबू," ती म्हणाली. सगळ्यांनाच बाबू. तिकडे मोलकरणीला तसं म्हणतात.

आमच्याकडे बाबू म्हणजे कचेरीतला मोठा माणूस, आणि तिकडे भांडी घासणारी. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "आन त्याइचं खरं नाव?"

तिला सांगता येत नव्हतं. तिला लहानाची मोठी करणाऱ्या बाईचंही नाव तिला ठाऊक नव्हतं. ते तिनं मला सांगितलं, आणि मी तिच्यासाठी ते सोपं केलं नाही. चालायचंच, असं म्हटलं नाही. ती माझी मैत्रीण होती, माझ्या नावासाठी मेमसाहेबांसमोर उभी राहिली होती. तरीही मी म्हणाले, "जाशीन त विचारजो. आधी तुझं सांगजो."

कलकत्त्याच्या गाडीनं ती गेली. भर दुपारी फलाटावर आम्ही दोघीच होतो. ‘पुन्हा येशील का’ हे तिच्या भाषेत कसं विचारायचं, ते मी शिकलेच नव्हते. आमचं शिक्षण नावांवरच थांबलं होतं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून माझं नाव घेऊन ओरडली, बरोबर उच्चारात. मीही तिचं नाव घशातून खरवडून काढलं. तिनं तिकडे जाऊन कोणाला विचारलं की नाही, मला कळलं नाही. तिच्याकडून पुढे काही आलं नाही. त्या दिवसांत तिकडे फार पेटलं होतं.

मी नागपूरला दाईची परीक्षा दिली आणि तिरोड्याच्या बाजूला काम घेतलं. भातखाचरं तुडवत गावोगाव जायचं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. पहिल्या गावात गेले तेव्हा पाटलाच्या ओसरीवर चार म्हातारे बसले होते. एकानं विचारलं, "कोनाची होय वो बाई तू?"

"कोनाचीच नोहोय," मी म्हणाले. "दाई आहो. कोन्या घरी बाई अडली हाये, थे सांगा."

त्यानं काठीनं घर दाखवलं. मी तिकडे चालू लागले.